जुन्या बोटीला दुसरं इंजिन: आधी मागची फळी बघा, मग हॉर्सपॉवर

रेवदंड्याच्या खाडीत आमची १८ फुटी फायबरची बोट आहे. घरच्यांना घेऊन कोर्लईच्या बाजूला फेरी मारायची, कधी गरी टाकून बसायचं, एवढाच तिचा वापर. तिच्यावरचं ७५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून टांगायचं इंजिन) थकलं तेव्हा मी तीन आठवडे नव्या इंजिनांच्या किमती विचारत फिरलो. चौथ्या आठवड्यात एका वयस्कर तांडेलांनी बोटीच्या मागच्या फळीवर हातोडीची मूठ आपटली आणि म्हणाले, "हे इंजिन टांगणार कशावर?" फळी आतून कुजलेली होती. म्हणून पहिल्यांदाच जुन्या बोटीचं इंजिन बदलणाऱ्यांसाठी हे लिहितोय. क्रम मुद्दाम बोटीपासून सुरू केलाय, कारण दुकानात गेलं की सगळे हॉर्सपॉवरपासून सुरू करतात. मी लिहितोय ते मुख्यतः १६ ते २० फुटी फायबर बोटीवरच्या आउटबोर्डबद्दल. आपल्या किनाऱ्यावर हौसेच्या जुन्या बोटी बहुतेक याच जातीच्या असतात.

इंजिन खरंच गेलंय का?

इंजिन गरम होतंय, धूर जास्त आहे, धक्के देतंय, एवढ्यावरून ते टाकून देऊ नका. खाडीच्या गढूळ पाण्यात वॉटर पंपाचं रबरी इम्पेलर लवकर झिजतं आणि इंजिन तापतं. पावसाळाभर उभं राहिलेलं इंजिन कार्ब्युरेटरमध्ये जुनं पेट्रोल चिकटल्याने नीट चालत नाही. ही दोन्ही कामं स्वस्तातली आहेत.

तपासायचं ते कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती बनतो ते. सगळे स्पार्क प्लग काढा, गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्या. आकडे एकमेकांच्या साधारण दहा टक्क्यांच्या आत असले तर इंजिनात अजून जीव आहे. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा खूपच खाली असेल तर मोठं काम निघालं असं समजा. मग खालच्या गिअरबॉक्सचं तेल काढून बघा. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरतंय. सील बदलून भागतं, पण बरेच महिने तसंच चालवलं असेल तर गिअर आणि बेअरिंगही गंजलेली निघतात. शेवटी थर्मोस्टॅटचं झाकण उघडा. पाण्याच्या वाटा मिठाने बुजलेल्या आणि आतलं अॅल्युमिनियम खाल्लेलं दिसलं, तर दुरुस्तीवर घातलेला पैसा फार दिवस टिकणार नाही.

कंपनी अजून सुरू आहे का, हेही बघायला हवं. जॉन्सन आणि एव्हिनरुड ही नावं आपल्याकडच्या जुन्या बोटींवर अजून दिसतात. ती बनवणारी मूळ अमेरिकी कंपनी २००० साली दिवाळखोरीत गेली. पुढे ही नावं ज्या कॅनेडियन कंपनीकडे गेली तिनेही २०२० मध्ये आउटबोर्डचं उत्पादन थांबवलं. अशा इंजिनाचा एखादा भाग तुटला की तो शोधण्यात अख्खा मोसम जाऊ शकतो.

मागची फळी

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ घाला. जिच्यावर आउटबोर्ड टांगतो त्या मागच्या उभ्या फळीला ट्रान्सम म्हणतात. बाहेरून ती फायबरची दिसते, पण जुन्या बोटींत आत बहुधा प्लायवुड असतं. कुणीतरी कधीतरी शिडी बसवायला, फिश फाइंडर लावायला भोकं पाडतो आणि ती नीट बुजवत नाही. त्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं. वरून रंग चकचकीत असतो आणि आत लाकडाचा भुसा झालेला असतो.

तीन प्रकारे बघा. इंजिन अर्धवट वर उचला, एकाने त्याचा खालचा भाग धरून वरखाली दाबावा आणि दुसऱ्याने फळीच्या वरच्या कडेकडे बघत राहावं. कडा जराही हलली किंवा बोल्टांभोवती केसासारख्या भेगा दिसल्या तर थांबा. मग हातोडीच्या लाकडी मुठीने वीतभर अंतरावर ठोकत जा. चांगल्या जागी टणक, आखूड आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. तरीही शंका राहिली तर आतल्या बाजूने, पाणी सोडायच्या बुचाजवळ, ५ मिलिमीटरचं भोक पाडा आणि ड्रिलला येणारा भुसा बोटांत घ्या. कोरडा, फिकट आला तर ठीक. काळपट, ओला, कुबट वासाचा आला तर लाकूड गेलं. तपासून झाल्यावर ते भोक इपॉक्सीने लगेच बुजवायला विसरू नका.

कुजलेली फळी बदलता येते. आतलं फायबरचं आवरण कापून जुनं प्लायवुड खरवडून काढायचं, मरीन प्लायवुडचे नवे थर इपॉक्सीने चिकटवायचे आणि वरून पुन्हा काचधाग्याचे थर द्यायचे. पूर्ण जाडी बहुधा दीड ते दोन इंच असते. आमच्या बोटीचं हे काम पावसाळ्यात शेडखाली झालं, पण ओल्या हवेत फायबरचं काम वाळायला फार वेळ घेतं. जमलं तर मे महिन्यातच उरकून घ्या. फळी उघडलेलीच असते तेव्हा डेकखालच्या लांब आधारपट्ट्यांतही ओल गेलीये का ते बघा.

फळीच्या कामाचा खर्च ऐकून बोटच बदलावी असं वाटलं, तर तो निर्णय इथेच घ्या. इंजिन विकत घेतल्यावर तो घेता येत नाही.

वजन

जुनं ७५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक साधारण १०० ते ११० किलोचं. आजची त्याच ताकदीची फोर-स्ट्रोक इंजिनं १६० किलोच्या आसपास भरतात. म्हणजे एक पूर्ण वाढलेला माणूस कायमचा बोटीच्या मागच्या टोकावर बसवल्यासारखं झालं. ७० हॉर्सपॉवरच्या वर्गात १२० किलोच्या आतलं फोर-स्ट्रोकही मिळतं, म्हणून माहितीपत्रकात ताकदीच्या आधी वजनाचा रकाना वाचा.

हा फरक पैसे न खर्चता तपासता येतो. जुनं इंजिन बोटीवर असतानाच २० लिटरचे पाण्याने भरलेले तीन कॅन मागच्या फळीला लागून ठेवा. ६० किलो झाले. आता नेहमीची टाकी भरून, नेहमीइतकी माणसं बसवून बोट धक्क्याला शांत उभी करा. डेकवरचं पाणी बाहेर जाणारी भोकं पाण्याखाली गेली का? मागच्या कडेपासून पाणी किती खाली राहिलं? सगळे मागे सरकले तर काय होतं? खाडीच्या तोंडाशी लाट मागून येते तेव्हा ही उंची जीव वाचवते. भोकं बुडत असतील तर हलकं इंजिन शोधा किंवा बॅटरी आणि टाकी पुढे, नाळेच्या बाजूला हलवा. बॅटरी पुढे नेली की तिची केबलही जाड घ्यावी लागते, नाहीतर स्टार्टरला पुरेसा करंट पोहोचत नाही.

आता हॉर्सपॉवर

बोटीवर बनवणाऱ्याची पट्टी असेल तर तिच्यावरचा कमाल हॉर्सपॉवरचा आकडा ओलांडायचा नाही. हा विषय तिथेच संपला. पण आपल्याकडच्या किती तरी जुन्या बोटींवर अशी पट्टीच नसते. तेव्हा अंदाज बांधायला अमेरिकेतल्या नियमातलं एक गणित उपयोगी पडतं. २० फुटांच्या आतली बोट, स्टिअरिंग व्हील असलेली आणि मागची फळी किमान २० इंच उंचीची असेल, तर बोटीची लांबी आणि मागची रुंदी फुटांत गुणायची, त्याची दुप्पट करायची आणि ९० वजा करायचे. आमची बोट १८ बाय ६, म्हणजे १०८. दुप्पट २१६, वजा ९० म्हणजे १२६. हा आकडा नव्या, धडधाकट बोटीसाठीची वरची मर्यादा आहे. तीस वर्षं लाटांवर आपटलेल्या बोटीला एवढं इंजिन लावू नये असं माझं ठाम मत आहे. बोटीवर आधी जे इंजिन होतं तेवढंच किंवा थोडं कमी, हे मला शहाणपणाचं वाटतं.

फार कमी घेतलं तरी त्रास होतो. ज्या बोटीने पाण्यावर उठून पळायला हवं ती नाक वर करून पाणी ढकलत राहते, इंजिन सतत पूर्ण जोरात चालतं आणि पेट्रोल पिऊन टाकतं. भरलेल्या बोटीचं वजन काढा आणि हॉर्सपॉवरने भागा. आमचा हिशेब असा: बोट ५५० किलो, इंजिन १६०, ६० लिटर पेट्रोल ४५, पाच माणसं ३७५, नांगर, दोर, जॅकेटं वगैरे ५०. एकूण ११८०. त्याला ७५ ने भागलं तर एका हॉर्सपॉवरमागे पावणेसोळा किलो. ११ ते १८ च्या मध्ये राहिलं की बोट आरामात उठते. ६० हॉर्सपॉवरचं हलकं इंजिन धरलं तर आकडा १९ च्या जवळ जातो. दोघेतिघेच जाणार असाल तर तेही चालेल, पाच जण आणि जेवणाचे डबे घेऊन जाणार असाल तर नाही.

खूप जुन्या इंजिनाशी तुलना करताना एक ध्यानात ठेवा. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच कंपन्या ताकद इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर मोजत, नंतर ती पंख्याच्या (प्रोपेलरच्या) शाफ्टवर मोजायची पद्धत आली. गिअरमध्ये थोडी ताकद जातेच, त्यामुळे तेव्हाचं ७५ आणि आजचं ७५ सारखं नाही. आजचं जास्त भरतं.

शाफ्टची लांबी

मागच्या फळीची उंची मधोमध, वरच्या कडेपासून बोटीच्या तळापर्यंत मोजा. १५ इंच म्हणजे शॉर्ट, २० म्हणजे लाँग, २५ म्हणजे एक्स्ट्रा लाँग. इंजिन बसल्यावर पंख्याच्या वरची आडवी पट्टी साधारण बोटीच्या तळाच्या रेषेत यायला हवी. शाफ्ट आखूड पडला तर लाटेत पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतं किंचाळतं आणि बोट पुढे जात नाही. लांब पडला तर पाणी ओढून धरतो आणि ओहोटीला खाडीतल्या वाळूत पहिला तोच टेकतो. दुकानदाराने "स्वस्तात देतो" म्हणून चुकीच्या लांबीचं इंजिन पुढे केलं तर घेऊ नका.

टू-स्ट्रोक, फोर-स्ट्रोक आणि बाकीचे

जुनं कार्ब्युरेटरचं टू-स्ट्रोक हलकं, साधं आणि धक्क्यावरच्या कुठल्याही मेकॅनिकच्या हातात बसणारं. पण त्यातलं पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंतचं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं, थेट पाण्यात. ज्या खाडीत आपण मासे धरतो तिच्यात ते तेल सोडायचं, हे मला पटत नाही. शिवाय पेट्रोलचा खर्च आहेच. ७५ चं फोर-स्ट्रोक पूर्ण जोरात तासाला साधारण २५ लिटर खातं, जुनं टू-स्ट्रोक त्याहून बरंच जास्त. फ्युएल इंजेक्शनचं फोर-स्ट्रोक शांत चालतं, एका चावीत सुरू होतं, फक्त त्याला स्वच्छ पेट्रोल आणि चांगली बॅटरी लागते. कार्ब्युरेटरचं जुनं फोर-स्ट्रोक मात्र मी टाळेन. त्याचे जेट (पेट्रोल जायची छिद्रं) इतके बारीक असतात की चार महिने उभं राहिलं की बुजतात.

इलेक्ट्रिकबद्दल तरुण मंडळी नेहमी विचारतात. धरणाच्या शांत पाण्यात हळू फिरायला उत्तम. पण ४० लिटर पेट्रोलमधून पंख्याला मिळते तेवढी ऊर्जा बॅटरीत साठवायची तर शेकडो किलोंच्या बॅटऱ्या लागतील. वेगाने पळणाऱ्या १८ फुटी बोटीत ते बसत नाही.

तुमच्या बोटीत इंजिन आत असेल तर वेगळी काळजी घ्या. गॅरेजमधलं गाडीचं पेट्रोल इंजिन स्वस्त पडतं म्हणून बसवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते आणि गाडीच्या साध्या स्टार्टरची किंवा अल्टरनेटरची एक ठिणगी पुरते. मरीन इंजिनाचे हे भाग ठिणगी बाहेर पडणार नाही असे बांधलेले असतात.

पेट्रोलची वेगळी गोष्ट

आता आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. बऱ्याच आउटबोर्डच्या माहितीपुस्तिकेत मात्र १० टक्क्यांपर्यंतच परवानगी लिहिलेली असते. पसंत केलेल्या मॉडेलला २० टक्के चालतं का, वॉरंटी राहते का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल त्या पाण्यासकट टाकीच्या तळाशी वेगळं बसतं आणि इंजिनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवा, जुन्या रबरी नळ्या सगळ्या बदला आणि वर्षानुवर्षं न उघडलेली टाकी आतून साफ केल्याशिवाय नव्या इंजिनाला जोडू नका.

इंजिनाबरोबर आणखी काय बदलावं लागतं

बजेट करताना लोक इथे फसतात. कंपनी बदलली की जुना गिअर-थ्रॉटलचा कंट्रोल बॉक्स, केबली, वायरिंग आणि मीटर बहुधा जुळत नाहीत. जुनी स्टिअरिंग केबल जड झाली असेल तर तीही बदला, कारण ऐन वळणावर अडकलेली केबल कुणालाही पाण्यात फेकते. बॅटरी, फ्युएल फिल्टर, पंखा, स्टेनलेस बोल्ट आणि बसवायची मजुरी हे सगळं धरून किंमत विचारा. मला सांगितलेल्या पहिल्या किमतीत यातलं काहीच नव्हतं.

कोण दुरुस्त करणार?

दोन इंजिनांत मन अडकलं असेल तर धक्क्यावर जा आणि तिथल्या बोटींवर कोणतं नाव जास्त दिसतं ते मोजा. यामाहा, सुझुकी, होंडा, मर्क्युरी, तोहात्सू ही सगळीच चांगली इंजिनं आहेत. पण शनिवारी सकाळी इम्पेलर लागला तर तो अलिबागमध्ये मिळतो की मुंबईहून मागवावा लागतो, यावर तुमचा मोसम ठरतो. मेकॅनिकला थेट विचारा, "तुमच्याकडे या इंजिनाचं निदान करायचं कॉम्प्युटरचं साधन आहे का?" इंजेक्शनच्या इंजिनाला ते लागतं.

वापरलेलं घ्यायचं असेल तर

मी एकदा फसलोय. "फारसं चाललेलंच नाही" म्हणून दाखवलेलं इंजिन ताज्या रंगाने चमकत होतं. नंतर कळलं की ते पाण्यात बुडून निघालेलं होतं. नवा रंग दिसला तर कव्हर काढून बोल्टांची डोकी, वायरींचे जोड, स्टार्टरची बाजू बघा. मिठाचे पांढरे डाग तिथे लपत नाहीत. इंजेक्शनच्या इंजिनाचे चाललेले तास कॉम्प्युटरवर वाचता येतात, ते समोर वाचून घ्या. कॉम्प्रेशन आणि गिअर तेल वर सांगितल्याप्रमाणे तपासा. पाणी ओढायच्या तोंडांना पाइप लावून जागेवर चालवलेल्या इंजिनावर समाधान मानू नका, पाण्यात भार देऊन चालवायला सांगा. बिल आणि आयातीचे कागद नसलेलं इंजिन कितीही स्वस्त असो, सोडून द्या. नोंदणीच्या वेळी ते गळ्यात येतं.

कागद

बोटीच्या नोंदणीत इंजिनाचा तपशील असतो. २०२१ च्या इनलँड व्हेसल्स अॅक्टने १९१७ चा जुना कायदा बदलला. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात होतं, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या खात्यात. जुनं इंजिन काढायच्या आधीच तिथे जाऊन विचारा की बदलाची नोंद आणि तपासणी कशी करायची. विमा कंपनीलाही लेखी कळवा. हॉर्सपॉवर वाढवून न कळवलेल्या बोटीचा दावा अडकू शकतो.

बसवणं आणि पहिली चाचणी

बसवायचं काम पावसाळ्यात उरका, म्हणजे नारळी पौर्णिमेला बोट तयार असते. बोल्टांच्या भोकांत आतून सीलंट भरल्याशिवाय एकही बोल्ट आवळू देऊ नका, तिथे स्वतः उभे राहा. फळी कुजायला हीच भोकं कारण झाली होती.

पहिली चाचणी उधाणाच्या दिवसांत नको. भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत प्रवाह मंद असतो, तेव्हा खाडीच्या आत करा. इंजिन बंद करायच्या दोरीची क्लिप जॅकेटला लावा. सुरुवातीचे दहा तास पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणेच चालवा, पूर्ण जोर सलग देऊ नका. त्यानंतर नेहमीचा भार घेऊन काही क्षण पूर्ण थ्रॉटल द्या आणि आरपीएम बघा. बहुतेक फोर-स्ट्रोक इंजिनांची हद्द ५००० ते ६००० असते. आकडा त्याच्या खाली अडकला तर पंख्याचा पिच (एका फेऱ्यात तो कागदावर जेवढा पुढे सरकतो ते अंतर) जास्त आहे आणि इंजिन दमतंय. वर गेला तर पिच कमी आहे. एक इंच पिच बदलला की साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो.

वेगाचंही गणित करून बघा. गिअरचं प्रमाण २.३३ (इंजिनाच्या २.३३ फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा), पंखा १३ इंच पिचचा आणि आरपीएम ५५०० असेल तर कागदावर वेग ताशी ४६ ते ४७ किलोमीटर येतो. पाण्यात पंखा थोडा घसरतोच, म्हणून जीपीएसवर ४० च्या आसपास दिसला पाहिजे. तिथे ३० दिसत असेल तर इंजिनाची उंची चुकली आहे किंवा तळाला शिंपले आणि शेवाळ आहे. मेकॅनिक निघून जायच्या आधी हे आकडे वहीत लिहा आणि पंखा बदलून द्यायचं त्याच्याकडून आधीच कबूल करून घ्या.

दर फेरीनंतर गोड्या पाण्याने दहा मिनिटं इंजिन धुवा. आणि पहिल्या दहा तासांनी पाना घेऊन फळीवरचे चारही बोल्ट पुन्हा आवळा, नवं लाकूड दबतं आणि बोल्ट थोडे सैल झालेले असतात.